नावाआधीची दोन अक्षरे

१९७८ सालची गोष्ट. माझी थोरली बहीण, आम्ही सगळे तिला आक्का म्हणतो, लग्न होऊन इंदूरला गेली होती आणि तिथल्या एका शाळेत शिक्षिका म्हणून नुकतीच लागली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा अंक तिने आमच्या वडिलांना, आण्णांना, पोस्टाने पाठवला. पुडक्यावर पाठवणाराचे नाव शाळेच्या कारकुनाने यंत्रावर टंकून दिलेले. आण्णा ओसरीवर बसले होते. पोस्टमनने पुडके हातात दिले, त्यांनी चष्मा लावून नाव वाचले आणि ते तसेच मांडीवर ठेवले. आई आतून विचारत होती, "कुणाचं टपाल आलंय?" आण्णा काही बोलेनात.

मी तेव्हा कॉलेजात होतो. पुडके उघडले ते मीच. आत अंक होता आणि अंकात आक्काच्या हाताची चिठ्ठी : आम्ही दोघेही खुशाल आहोत, ह्यांना बढती मिळाली आहे, दिवाळीला येतो. मी ती मोठ्याने वाचली तेव्हा आण्णांच्या जिवात जीव आला. पुडक्यावर आक्काच्या नावाआधी 'श्रीमती' असे छापलेले होते. आमच्या घरात 'श्रीमती' हा शब्द एकाच प्रकारच्या बाईच्या नावाआधी लागत असे, जिचा नवरा वारला आहे तिच्या. ते वाचून आण्णांना वाटले, जावई गेले आणि आपल्याला कुणी कळवलेही नाही.

आण्णांनी उलट टपाली आक्काला खरमरीत पत्र लिहिले. पुन्हा असे अभद्र लिहून पाठवू नकोस म्हणून बजावले. आक्काचे उत्तर आठ दिवसांनी आले. तिने लिहिले होते, "आण्णा, इथे हिंदीत लग्न झालेल्या प्रत्येक बाईला श्रीमतीच म्हणतात. मी इथे 'सौ.' लिहिले तर कारकून विचारतो, हे सौ म्हणजे शंभर काय?"

पुढे कित्येक वर्षे ही आमच्या घरातली हसण्याची गोष्ट होती. आता तिच्याकडे पाहिले की हसू येत नाही. एकच शब्द, संस्कृतातून दोन्हीकडे आलेला. इंदुरात तो सवाष्णीचा मान आणि बेळगावात तो बाईच्या कपाळावरचे कुंकू गेल्याची खूण. शब्दात मुळात वाईट काही नाही. श्री असलेली ती श्रीमती. मग आमच्या वडिलांचा हात थरथरला तो कशामुळे? आपल्या भाषेतले चांगले शब्द वाईट कसे होतात, वाईट शब्द झाकायला आणलेले नवे शब्दही पुढे टोचू कसे लागतात, याचा विचार मी तेव्हापासून करत आलो आहे. भाषा विशेषांकाच्या निमित्ताने तो वाचकांपुढे ठेवतो.

पुरुषाचा 'श्री.' अढळ

लग्नपत्रिका हातात घ्या. मुलीच्या नावाआधी 'चि. सौ. कां.' म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी, सौभाग्याची इच्छा करणारी. अक्षता पडल्या की ती 'सौ.' झाली. नवरा गेला की 'श्रीमती' किंवा 'गं. भा.', म्हणजे गंगा भागीरथी. लग्नच झाले नाही तर म्हातारपणीही 'कु.', कुमारी. बाईच्या नावाआधीची दोन अक्षरे पाहून तिचा नवरा आहे, नाही, व्हायचा आहे की होऊन गेला, हे पत्रिका वाचणाऱ्या परक्या माणसालाही कळते.

पुरुषाचे पाहा. तो लहानपणी 'चि.' आणि मोठेपणी 'श्री.'. पूर्वी 'रा. रा.' म्हणजे राजमान्य राजेश्री असे लिहीत, ती चाल मागे पडली. बायको आहे की वारली, दुसरी केली की तिसरी, 'श्री.' जागचा हलत नाही. 'विधुर' हा शब्द आपल्या भाषेत आहे, पण तो कुणी पत्रिकेत छापलेला मी पाहिला नाही. त्याची शिवीही झालेली नाही. फार तर 'बिजवर' म्हणून थट्टा होते, तेवढ्यावर भागते.

ही गोष्ट लक्षात ठेवून पुढे जाऊ. शब्द आपोआप नासत नाही. ज्या माणसाला तो चिकटतो त्या माणसाचे समाजात जे होते तेच त्या शब्दाचे होते.

एकच घसरण, भाषा अनेक

'रांड' हा शब्द आज चारचौघांत उच्चारता येत नाही. छापतानाही संपादक दोनदा विचार करतील. पण मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) या शब्दाला विधवा असा सरळ अर्थ दिलेला आहे आणि शिवी म्हणूनही त्याची नोंद आहे. म्हणजे त्या काळी दोन्ही अर्थ एकाच घरात नांदत होते. 'रांडपण' म्हणजे वैधव्य, 'रांडमुंड' म्हणजे नवरा गेलेली. खेड्यातल्या म्हाताऱ्या बाया हे शब्द स्वतःबद्दलही वापरत. त्यात शिवी नव्हती, दैवाची तक्रार होती. शहरात मात्र शिवीचा अर्थ उरला आणि मूळ अर्थ पुसला गेला.

हे केवळ मराठीत झाले असते तर मराठी माणसाला दोष देऊन मोकळे होता आले असते. आपण सीमाभागातली आणि बृहन्महाराष्ट्रातली माणसे चार भाषांच्या शेजारात राहतो. आपल्याला हे पडताळून पाहता येते. कन्नडमध्ये 'रंडे' आणि 'मुंडे' हे दोन्ही शब्द मूळचे विधवेचे आणि आज दोन्ही शिव्या आहेत. 'मुंडे'मध्ये तर डोके मुंडन केल्याची आठवण सरळ दिसते. हैदराबादकडे तेलुगूत 'मुंड'ची तीच गत. बडोद्याला गुजरातीत 'रांडवुं' हे विधवा होणे या अर्थाचे क्रियापद आहे आणि 'रांड' ही शिवी आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे हिंदीत 'राँड' म्हणजे विधवा आणि त्याच्याच कुळातला दुसरा शब्द वेश्येसाठी. गोव्यात कोकणीतही 'रांड' ही शिवीच. भाषांची कुळे वेगळी, लिप्या वेगळ्या, राज्ये वेगळी. घसरण मात्र एकाच बाजूला. कारण या सगळ्या प्रदेशांत नवरा नसलेल्या बाईकडे पाहण्याची नजर एकच होती. तिला रक्षण करणारा कुणी नाही, म्हणून ती संशयाची. संशयाची म्हणून ती वाईट चालीची. तिचा शब्द त्याच पायऱ्यांनी खाली उतरला.

भाषाशास्त्रात याला अर्थापकर्ष म्हणतात. त्याची उदाहरणे इतरही आहेत. बौद्धांचा आदरणीय वडीलधारा तो 'स्थविर', पालीत 'थेर'. मराठीत त्याचा 'थेरडा' झाला. अशोकाच्या शिलालेखांत 'पाषंड' म्हणजे कोणताही धर्मपंथ, आणि सर्व पाषंडांचा मान राखावा असा त्याचा उपदेश आहे. पुढे 'पाखंड' म्हणजे ढोंग. ज्यांचा पंथ मागे पडला त्यांचे शब्द जिंकणाऱ्यांच्या तोंडी गेले आणि बिघडले.

'विधवा' या शब्दाची कहाणी निराळी आहे. तो ऋग्वेदात आहे, आणि त्याची भावंडे दूरवर पसरलेली आहेत : इंग्रजीत 'विडो', लॅटिनमध्ये 'विदुआ', जर्मनमध्ये 'वित्वे', रशियनमध्ये 'वदोवा'. मुळातला अर्थ वेगळी पडलेली, रिती झालेली, असा असावा असे अभ्यासक मानतात. पुढे पंडितांनी त्याची फोड 'वि + धवा' अशी केली आणि 'धव' म्हणजे नवरा असा शब्द त्यातून काढला. मुळात 'धव' नव्हताच. 'विधवा' आधी होती, तिच्या पोटातून नवरा निघाला. बाईला तिच्या नवऱ्यावरून ओळखण्याची सवय व्याकरणातही कशी शिरते याचा हा नमुना.

झाकण घालण्याची चाल

एखादा शब्द बिघडला की भला माणूस काय करतो? त्यावर झाकण घालतो. 'रांड' म्हणवेना तेव्हा कुणी 'सोवळी' म्हणू लागले. सोवळे म्हणजे पवित्र. पण सोवळी बाई म्हणजे केस काढलेली, लाल आलवण नेसलेली, एकवेळ जेवणारी, मंगलकार्यात समोर येऊ नये अशी. थोड्याच काळात 'सोवळी' म्हटले की हेच चित्र डोळ्यांसमोर येऊ लागले. 'गंगा भागीरथी' हेही असेच झाकण. पत्रव्यवहारात विधवेच्या नावाआधी लिहायचा हा मानाचा मायना. गंगेसारखी पवित्र, असे म्हणायचे आणि तिला हळदीकुंकवाला बोलवायचे नाही. दारात आडवी आली तर दोन मिनिटे थांबून मग बाहेर पडायचे. वरवर पाहता मान आणि आतून बाहेर ठेवणे, ही दोन्ही कामे या दोन अक्षरांनी शे-दीडशे वर्षे बिनबोभाट केली.

म्हणून सुधारकांनी शब्दापेक्षा चालीवर घाव घातला. विधवाविवाहाचा कायदा १८५६ मध्ये झाला. पुढच्याच वर्षी बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी आली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचा उल्लेख होतो आणि तिचा विषयच हिंदू विधवांची स्थिती हा आहे. बाबा पदमनजी मूळ आपल्या बेळगावचे, जन्म १८३१ चा, हे आपल्याकडच्या पुष्कळ वाचकांना ठाऊक नसते. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८८२ मध्ये ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून पुरुषांना खडे बोल सुनावले. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंचे शारदा सदन सुरू झाले. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवणार नाही असे ठरवले. ज्यांच्या हातात वस्तरा त्यांनीच नकार दिला, हे मोठेच झाले. त्या वेळी त्यांना 'न्हावी' म्हणत, आज आपण 'नाभिक' लिहितो. तेही याच विषयातले एक उदाहरण.

महर्षी कर्व्यांचे एक पाऊल या संदर्भात फार बोलके आहे. त्यांनी १८९३ मध्ये स्वतः एका विधवेशी लग्न केले, आणि त्याच वर्षाअखेर 'विधवाविवाहोत्तेजक मंडळी' स्थापन केली. दोन वर्षांनी, १८९५ मध्ये, मंडळीचे नाव बदलून 'विधवा-विवाह-प्रतिबंध-निवारक मंडळी' असे ठेवले. नाव लांबलचक आणि उच्चारायला अवघड झाले, पण आशय नेमका झाला. कुणाला लग्न करा म्हणून उत्तेजन देणे हा हेतू नाही; ज्यांना करायचे आहे त्यांच्या वाटेतला अडथळा दूर करणे हा हेतू आहे. या नामांतरात झाकण घालणे नव्हते, विचार नीट करणे होते. नाव बदलण्याचे हे दोन प्रकार वाचकांनी वेगळे ओळखावेत अशी माझी विनंती आहे.

इकडे बहुजन समाजात विधवेचे दुसरे लग्न पहिल्यापासून होतच असे. त्याला 'पाट' किंवा 'म्होतूर' म्हणत, आपल्या भागात कन्नडच्या संगतीने 'उडकी'. रात्रीच्या वेळी, वाजंत्रीशिवाय, थोडक्यात उरकलेले लग्न. त्या बाईला 'पाटाची बायको' म्हणत आणि ते म्हणणे कमीपणाचे असे. मग शिकलेल्या लोकांचा 'पुनर्विवाह' हा शब्द आला. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये पुनर्विवाहाचा कायदा केला. शब्द बदलला, कायदा बदलला आणि हळूहळू वाजंत्रीही आली. इथे नवा शब्द टिकला, कारण त्याच्यामागून चालही बदलली. केशवपनाचेही तसेच. एके काळी ते न करणे हे पाप होते. आज ते कुणी करू म्हणेल तर त्याला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. विचारच इतका नावडता झाला की 'बोडकी' हा शब्द नव्या पिढीला समजावून सांगावा लागतो.

हेरवाडचा ठराव आणि 'गं. भा.'चे पुनरागमन

४ मे २०२२ रोजी शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवऱ्याच्या मृत्यूनंतर बाईच्या बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे प्रकार गावात बंद. ते वर्ष शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे होते. हेरवाड आपल्यापासून फार लांब नाही. सीमेच्या अलीकडे-पलीकडे आपली सोयरीक आहे. त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारने परिपत्रक काढून सगळ्या ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले. गावाने शब्दाला हात लावला नाही, बांगडीला लावला.

पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२३ मध्ये, उलटे झाले. महाराष्ट्राचे तेव्हाचे महिला व बालविकास मंत्री मंगलप्रभात लोढा यांनी 'विधवा' या शब्दाऐवजी 'गंगा भागीरथी' हा शब्द वापरण्याबाबत प्रस्ताव तयार करण्यास आपल्या विभागाला सांगितले. हेतू सन्मानाचा होता. 'अपंग'च्या जागी 'दिव्यांग' आला तसेच हेही, असा विचार होता. पण महिला संघटनांनी आणि स्वतः विधवा असलेल्या अनेक बायांनी त्याला विरोध केला. मग निर्णय झालेला नाही, केवळ चर्चेचा विषय आहे, असा खुलासा करण्यात आला.

त्या बायांचे म्हणणे काय होते? आमच्या आईच्या, आजीच्या नावाआधी ही दोन अक्षरे लागत होती आणि ती लागली की त्यांचे हसणे-बोलणे संपत होते. तीच परत आमच्या नावाआधी का? 'दिव्यांग'वरही हाच आक्षेप अनेक अपंग कार्यकर्त्यांनी घेतला होता. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी तो शब्द सुचवला आणि २०१६ पासून सरकारी कामकाजात रुळला. पण आम्हाला दिव्यत्व नको, कचेरीला उतार असलेली वाट आणि बसमध्ये चढायची सोय द्या, असे त्यांचे म्हणणे होते.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. 'विधवा' हा शब्द टोचतो म्हणून काढून टाका म्हणणे सोपे आहे. पण कर्नाटकात 'विधवा वेतन' मागायला तहसील कचेरीत उभ्या राहणाऱ्या बाईला त्या शब्दाचाच आधार आहे. कायद्याला आणि पेन्शनला नेमका शब्द लागतो. तिथे गंगा आणि भागीरथी चालत नाहीत. कोरोनाच्या साथीत अनेक तरुण बायांचे नवरे गेले, त्यानंतर 'एकल महिला' हा शब्द महाराष्ट्रात रुजू लागला. त्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, लग्न न केलेल्या अशा सगळ्या आल्या. शब्द साधा आहे, कुणाच्या नवऱ्याची वार्ता सांगत नाही. पण एकल बाईला भाड्याने खोली मिळत नाही ही स्थिती राहिली, तर वीस वर्षांनी 'एकल'ही कुजबुजून उच्चारावा लागेल. स्टीव्हन पिंकर या भाषाशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये याच फेऱ्याला नाव दिले. त्याचे म्हणणे असे, की आपण नावे बदलत राहतो आणि जुन्या नावाचा डाग नव्या नावावर उतरत राहतो, कारण डाग नावाचा नसतो, मनातल्या समजुतीचा असतो.

हे पटण्यासारखे आहे, पण अर्धेच. कारण या फेऱ्यात एक गोष्ट बदलते ती म्हणजे बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण.

कोण म्हणते, कोणाला म्हणते

गांधीजींनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी 'हरिजन' हा शब्द प्रचारात आणला. १९३३ मध्ये त्याच नावाचे साप्ताहिक काढले. हेतू चांगलाच होता. पण १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात एका विधेयकात हा शब्द घालायचे ठरले तेव्हा डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या पक्षाच्या सदस्यांनी विरोध केला आणि शेवटी सभात्याग केला. आम्हाला काय म्हणायचे हे तुम्ही आम्हाला न विचारता का ठरवता, असा तो प्रश्न होता. पुढे १९७२ मध्ये तरुणांनी 'दलित पँथर' काढली, तेव्हा 'दलित' हा शब्द त्यांनी स्वतः उचलला. त्यात देवाचे नाव नव्हते, चिरडले गेल्याची जाणीव होती, आणि ती त्यांची स्वतःची होती. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही 'हरिजन' हा शब्द आज अपमान करण्यासाठी वापरला जातो असे नमूद केले. प्रेमाने दिलेला शब्दही घेणाऱ्याने नाकारला तर देणाऱ्याने रागावू नये, एवढे आपण त्यातून शिकायचे.

आपल्याच अंगणातली उदाहरणे घ्या. गोव्यात कोकणीला 'बोली' म्हटले की कोकणी माणूस दुखावतो. मराठी माणूस म्हणतो, बोली म्हणजे काही शिवी नव्हे, आम्हीही वऱ्हाडीला, अहिराणीला बोली म्हणतो. खरे आहे. पण १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा मानले, १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, १९९२ मध्ये आठव्या अनुसूचीत आली, आणि या प्रत्येक पायरीवर 'ती बोली आहे' हेच वाक्य तिच्या विरोधात वापरले गेले. इतक्या वादात वापरलेला शब्द निर्मळ राहत नाही. त्याच गोव्यात घाटावरून आलेल्या मराठी मजुराला 'घाटी' म्हणतात, तेव्हा तो शब्द केवळ भूगोलाचा आहे असे त्या मजुराला सांगून पाहा. आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचे अधिकृत नाव 'बेळगावी' झाले, तेव्हा आपल्यातल्या अनेकांना काय वाटले ते सांगायला नको. तेव्हा 'एका अक्षराने काय बिघडते?' असे विचारणारे होतेच. एका अक्षराने काय बिघडते हे आपल्याला कळते. मग बाईच्या नावाआधीच्या दोन अक्षरांनी काय बिघडते हे कळायला जड का जावे?

माझी चूक

आता जे सांगायचे ते सांगतो. १९९६ मध्ये भावोजी गेले. आक्का इंदूरलाच राहिली, शाळा सोडली नाही. २००३ मध्ये माझ्या मुलाचे लग्न ठरले. पत्रिकेचा मजकूर मीच लिहिला. 'आमचे येथे श्रीकृपेकरून' पासून 'आपले विनीत' पर्यंत. विनीतांच्या यादीत पहिले नाव आक्काचे, घरातली सगळ्यात मोठी म्हणून, आणि तिच्या नावाआधी मी 'गं. भा.' लिहिले. मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट 'श्रीमती'पेक्षा हे अधिक आदराचे, असेच वाटले. छापखान्यातल्या माणसालाही वाटले नाही. खाली माझ्या पत्नीचे नाव 'सौ.' लावून होते.

आक्का लग्नाच्या चार दिवस आधी आली. घाणा भरायला पाच सवाष्णी बोलावल्या, तेव्हा ती स्वयंपाकघरात शेंगदाणे सोलत बसली. कुणी तिला जा म्हटले नाही आणि कुणी ये म्हटले नाही. हळदीच्या वेळी ती मागच्या दारात उभी होती. मुलगा तिचा लाडका. त्याच्या बारशाला तिनेच त्याच्या कानात नाव सांगितले होते. लग्न लागले, जेवणे झाली. परत जायच्या आदल्या रात्री ती पत्रिका हातात घेऊन माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "अरे, इंदूरला भावोजी होते तेव्हा मी श्रीमती होते. ते गेले तरी हजेरीपटावर मी श्रीमतीच आहे. पोरं मला जशी हाक मारायची तशीच मारतात. तिथं मी आहे तशी आहे. बेळगावात उतरले की मी गंगा होते."

मी म्हणालो, "आक्का, मी मानानं लिहिलं गं."

ती म्हणाली, "ठाऊक आहे मला. म्हणून तर तेव्हा बोलले नाही. पण मान द्यायचा होता तर घाण्याला हाक मारायची होतीस."

यावर मी काय बोलणार? आण्णांचा हात १९७८ मध्ये ज्या अक्षरांनी थरथरला होता, तसलीच अक्षरे मी पंचवीस वर्षांनी स्वतःच्या हाताने छापून पाचशे घरी वाटली होती. त्या वेळी तो गैरसमज होता आणि आम्ही हसलो होतो. या वेळी गैरसमज नव्हता.

पुढे काय?

मराठी पत्रिका आता पुष्कळ बदलल्या आहेत. शिकलेल्या मुली 'चि. सौ. कां.' काढून टाकतात. कुठे मुलगा आणि मुलगी दोघांच्याही नावाआधी 'चि.' असते, कुठे काहीच नसते. आमच्या पिढीतले काही जण कुरकुरतात, की असे नुसते नाव उघडेबोडके दिसते. मी त्यांना एवढेच विचारतो, की तुमच्या नावाआधीचा 'श्री.' काढला तर तुमचे काय जाते, आणि तिच्या नावाआधीचे 'गं. भा.' काढले तर तिचे काय जाते? दोन्हींची उत्तरे एकच येत नाहीत.

शब्द बदलू नयेत असे माझे म्हणणे नाही. बदलावेत. पण आधी दोन गोष्टी कराव्यात. एक, ज्या माणसाला तो शब्द लागणार आहे त्याला विचारावे. दुसरी, शब्दाबरोबर एखादी चालही बदलावी. हेरवाडने जे केले ते आपल्या गावात ठरावाशिवायही करता येते. हळदीकुंकवाला पाच बायांना बोलावता, सहावीला बोलवायला ग्रामसभा लागत नाही.

गेल्या वर्षी माझ्या नातीचे लग्न झाले. आक्का आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. पत्रिकेचा मजकूर घेऊन मी तिला फोन केला आणि विचारले, "तुझ्या नावाआधी काय लिहू?"

ती म्हणाली, "काही लिहू नको. नाव लिही. आणि घाणा किती वाजता आहे ते सांग."

मी सकाळी नऊ म्हणून सांगितले. ती साडेआठलाच हजर होती.